दुरुस्तीतून नवनिर्मिती : जेम्स वॅट

विजेच्या दिव्यावर, पंख्यावर किंवा इस्त्रीवर ‘वॅट’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. शक्ती मोजण्याच्या या एककाला एका स्कॉटिश कारागिराचे नाव दिलेले आहे. तो कारागीर म्हणजे जेम्स वॅट. किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून लहानग्या वॅटला वाफेच्या यंत्राची कल्पना सुचली, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. परंतु वाफेवर चालणारी यंत्रे त्यांच्या जन्मापूर्वीपासूनच इंग्लंडमधील खाणींतून पाणी उपसत होती. वॅट यांच्या कार्याचे खरे मूळ किटलीत नसून एका जुन्या, बंद पडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीत आहे.

जेम्स वॅट यांचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील जहाजांना लागणारे सामान पुरवत, तसेच खलाशांची उपकरणे दुरुस्तही करत. बालपणी जेम्स वारंवार आजारी पडत. डोकेदुखीने ते हैराण होत. त्यामुळे त्यांना नियमितपणे शाळेत जाता आले नाही. त्यांचे आरंभीचे शिक्षण घरीच, आईच्या देखरेखीखाली झाले. वडिलांच्या कार्यशाळेत त्यांच्यासाठी छोटी हत्यारे ठेवलेली होती. वस्तू उघडून पाहणे, तिचे भाग सुटे करणे आणि ते पुन्हा जुळवणे, हीच त्यांची खरी शाळा ठरली.

१७५५ मध्ये उपकरणे बनवण्याची कला शिकण्यासाठी ते लंडनला गेले. त्या काळी असा कारागीर होण्यासाठी सात वर्षे उमेदवारी करावी लागे. इतका काळ थांबण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. अखेर एका कारागिराने वीस गिनी घेऊन त्यांना वर्षभर शिकवण्याचे मान्य केले. अतिश्रमाने वॅट यांची प्रकृती ढासळली; पण वर्षभरात त्यांनी ती कला हस्तगत केली आणि १७५६ मध्ये ते स्कॉटलंडला परतले.

त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाकडे खगोलशास्त्राची काही उपकरणे आली. जमैका बेटावरील एका स्कॉटिश व्यापाऱ्याने ती मृत्युपत्राद्वारे विद्यापीठाला दिली होती. लांबच्या सागरी प्रवासात खाऱ्या हवेमुळे त्यांची दुर्दशा झाली होती. ती स्वच्छ करून पुन्हा वापरण्यायोग्य करण्याचे काम वॅट यांच्याकडे आले. त्यांनी ते चोख केले आणि त्याबद्दल त्यांना पाच पौंड मिळाले. ग्लासगो शहरात दुकान थाटण्याच्या मार्गात कारागीर-संघाचे नियम आडवे येत होते. अशा वेळी विद्यापीठाने १७५७ मध्ये आपल्या आवारातच त्यांना एक खोली दिली. औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेला हा तरुण विद्वान प्राध्यापकांच्या सहवासात आला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक त्यांचे स्नेही झाले.

विद्यापीठात न्यूकोमेन यंत्राची एक लहान प्रतिकृती होती. थॉमस न्यूकोमेन यांचे यंत्र १७१२ पासून खाणींत वापरले जात होते. त्याच्या सिलिंडरमध्ये वाफ भरली जाई. मग आत थंड पाण्याचा फवारा सोडला जाई. वाफेचे पाणी होऊन सिलिंडरमध्ये निर्वात पोकळी निर्माण होई आणि बाहेरील हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जाई. विद्यापीठातील प्रतिकृती मात्र नीट चालत नव्हती. तिला दुरुस्तीसाठी लंडनलाही पाठवण्यात आले होते. परंतु त्याचा उपयोग झाला नाही. १७६३ च्या हिवाळ्यात हे काम वॅट यांच्याकडे आले.

वॅट यांनी प्रतिकृती दुरुस्त केली. ती सुरू झाली, पण दट्ट्याच्या काही फेऱ्यांनंतर वाफ संपून बंद पडली. एखाद्या सामान्य कारागिराने येथेच हात झटकले असते. यंत्राचे सर्व भाग जागच्या जागी होते. नाव ठेवण्यासारखा दोष दिसत नव्हता. तरीही वॅट यांना स्वस्थ बसवेना. मोठे यंत्र दिवसभर चालते, मग त्याच बनावटीचे लहान यंत्र का चालू नये, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

त्यांनी वाफ मोजण्यास प्रारंभ केला. सिलिंडर एकदा भरण्यास जितकी वाफ पुरायला हवी, तिच्या कितीतरी पट वाफ प्रत्येक फेऱ्यात खर्च होत असल्याचे त्यांना आढळले. थंड पाण्याच्या फवाऱ्याने वाफेबरोबर सिलिंडरही थंड होई. पुढच्या फेऱ्यातील बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच वाया जाई. सिलिंडर लहान असल्यास आतील जागेच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त असतो. त्यामुळे प्रतिकृतीत ही हानी अधिकच होती. थोड्याशा वाफेने बरेच थंड पाणी उकळू लागते, हेही त्यांच्या ध्यानात आले. वाफेत दडलेल्या या अप्रकट उष्णतेचा उलगडा त्यांना ब्लॅक यांच्याकडून झाला.

आता पेच स्पष्ट झाला. वाफ वाचवायची तर सिलिंडर सदैव गरम हवा. पोकळी निर्माण करायची तर वाफ थंड व्हायला हवी. एकाच भांड्यात या दोन्ही गोष्टी कशा साधाव्यात? १७६५ च्या मे महिन्यातील एका रविवारी ग्लासगो ग्रीन या मैदानात फिरत असताना त्यांना उत्तर सापडले. वाफ निववण्यासाठी निराळे पात्र जोडायचे. सिलिंडर गरमच राहील आणि त्यातील वाफ बाजूच्या थंड पात्रात जाऊन तिचे पाणी होईल. या पात्रालाच ‘संघनक’ म्हणतात.

कल्पना सुचली, तरी ती प्रत्यक्षात येण्यास अकरा वर्षे लागली. हवाबंद बसेल असा दट्ट्या आणि अचूक गोलाईचा सिलिंडर तयार करणे त्या काळी अतिशय कठीण होते. प्रयोगांसाठी कर्ज झाले. घर चालवण्यासाठी वॅट यांना कालव्यांच्या मोजणीचे काम पत्करावे लागले. १७६९ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. परंतु त्यांना आर्थिक साहाय्य करणाऱ्या जॉन रोबक या उद्योजकाचे दिवाळे निघाले. १७७३ मध्ये त्यांची पत्नी मार्गारेट यांचे निधन झाले. मुलांची जबाबदारी, ढासळलेली प्रकृती आणि अपुरे राहिलेले काम, अशा अवस्थेत त्यांनी १७७४ मध्ये बर्मिंगहॅमची वाट धरली.

तेथे मॅथ्यू बोल्टन हे धाडसी कारखानदार त्यांचे भागीदार झाले. तोफांच्या नळ्या अचूक कोरणारे जॉन विल्किन्सन यांनी त्यांना हवे तसे सिलिंडर तयार करून दिले. १७७६ मध्ये वॅट यांची पहिली मोठी यंत्रे प्रत्यक्ष कामाला लागली. कॉर्नवॉल भागातील खाणमालकांना कोळसा समुद्रमार्गे विकत आणावा लागे. न्यूकोमेन यंत्राच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग बोल्टन आणि वॅट मोबदला म्हणून घेत. पुढे चाक फिरवणारे यंत्रही तयार झाले आणि वाफेची शक्ती खाणीतून गिरण्यांत आणि कारखान्यांत पोहोचली.

१८०० मध्ये एकस्वाची मुदत संपली आणि वॅट यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. हाताला मात्र त्यांनी निवृत्ती दिली नाही. हीथफील्ड येथील घराच्या माळ्यावर त्यांची कार्यशाळा होती. मूर्तींच्या हुबेहूब प्रतिकृती कोरणारे यंत्र तयार करण्यात ते तेथे रमून जात. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची ही खोली दीर्घकाळ जवळजवळ जशीच्या तशी राहिली. १९२४ मध्ये तेथील सर्व सामग्री लंडनच्या विज्ञान संग्रहालयात हलवण्यात आली. तिच्यात हत्यारे, सुटे भाग आणि अर्धवट कामे अशा आठ हजारांहून अधिक वस्तू आहेत.

ज्या प्रतिकृतीपासून हे सारे घडले, ती ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. बंद पडलेली वस्तू अनेकांच्या हाती येते. ती पुन्हा सुरू करणे हे कौशल्य आहे. पण ती का बंद पडली, याचा छडा लावणे हे ज्ञान आहे. नियमित शाळा न लाभलेल्या, उमेदवारी पूर्ण न झालेल्या एका कारागिराने हे ज्ञान आपल्या कामातूनच मिळवले. त्याने नादुरुस्त यंत्राला प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा केला.