राज्यसभेतले महामहोपाध्याय काणे

शाळेतून शिकून गेलेल्या मोठ्या माणसांची यादी आपण सांगू लागलो, की डॉ. पांडुरंग वामन काणे यांच्या नावापुढे 'भारतरत्न' म्हणतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. स्मरणिकेसाठी काही लिहा, असं संपादक मंडळाने सुचवलं तेव्हा मी त्यांच्या राज्यसभेच्या काळाबद्दल लिहायचं ठरवलं. मी आयुष्यभर कोकणात दिवाणी वकिली केली. त्या काळात संसदेने केलेले कायदे हाच माझा रोजचा व्यवसाय होता.

काण्यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळ झाला. वडील दापोलीत वकिली करत. पांडुरंग दापोलीच्या एस. पी. जी. मिशन शाळेत शिकले आणि मॅट्रिक होऊन मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. शिक्षकी केली, कायद्याच्या परीक्षा दिल्या, हायकोर्टात वकील झाले. वकिली सांभाळून त्यांनी नीलकंठाच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली. वारसा आणि वाटणीच्या बाबतीत मुंबईची न्यायालयं ज्या जुन्या ग्रंथांचा आधार घेत, त्यांतला हा एक. त्या कामातून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिण्याची कल्पना वाढत गेली. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा पूर्ण व्हायला १९६२ साल उजाडलं. मधल्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

१९५३ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. राज्यघटनेच्या कलम ८० प्रमाणे साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांतल्या जाणकार बारा जणांना राष्ट्रपती नेमतात. त्यांना निवडणूक लढवावी लागत नाही. सभागृहात इतरांसारखं बोलता येतं, मत देता येतं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र मत नसतं. सभागृह नवंच होतं, पहिली बैठक मे १९५२ मधली. 'राज्यसभा' हे नावही १९५४ साली, म्हणजे काणे सभासद असताना मिळालं. अध्यक्षस्थानी डॉ. राधाकृष्णन. नियुक्त सभासदांत शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, कवी मैथिलीशरण गुप्त, नट पृथ्वीराज कपूर आणि आपले काकासाहेब कालेलकर.

त्याच सभागृहात मुंबई राज्यातून निवडून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेला. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ साली त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं होतं. काण्यांच्या धर्मशास्त्रविषयक लेखनाचा आधार त्यांनी स्वतःच्या पुस्तकांत घेतलेला आहे. एकाने स्मृतिग्रंथांची चिकित्सा संशोधक म्हणून केली, दुसऱ्याने त्या ग्रंथांनी ज्यांना भोगायला लावलं त्यांच्या बाजूने केली. १९५३ ते १९५६ एवढा काळ दोघं एकाच सभागृहाचे सभासद होते, याचं मला अजून नवल वाटतं.

रखडलेलं ते बिल याच काळात तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. १९५५ साली विवाह कायदा आला. एकपत्नीत्व आणि घटस्फोट या गोष्टी मुंबई प्रांतात त्याआधीच कायद्याने आल्या होत्या, आता त्या देशभर झाल्या. १९५६ साली वारसा कायदा आला. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत आधी हयातीपुरता हक्क असे, तो पुरा मालकीचा झाला. बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलीला मुलाबरोबरीने वाटा मिळाला. धर्म बुडाला अशी ओरड देशभर झाली.

त्या ओरडीला काण्यांच्या ग्रंथात उत्तर आहे, आणि ते त्यांनी वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून जमवायला घेतलं होतं. धर्मशास्त्र कधीच एका जागी थांबलेलं नव्हतं, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. नियोग किंवा वडील भावाला वाटणीत जादा हिस्सा या जुन्या ग्रंथांत मान्य असलेल्या गोष्टी पुढे शास्त्रकारांनीच कलिवर्ज्य म्हणून बंद केल्या. निपुत्रिक पुरुषाची पहिली वारस पत्नी, तिच्यानंतर मुलगी, असं याज्ञवल्क्य सांगतो. शास्त्राच्या नावाने बायकांना हात हलवत परत पाठवणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

माझ्याकडे वाटणीसाठी आलेले भाऊ बहिणींची हक्कसोड पत्रं आधीच ठरवून येत. बहीण गप्प बसलेली असे. आपल्यात मुलींना देत नाहीत, असं कोणी म्हणालं की मी याज्ञवल्क्याचं नाव काढत असे. दरवेळी उपयोग झाला असं नाही, पण काही बहिणींनी सही करण्यापूर्वी विचार करायला वेळ मागून घेतला.

१९५९ साली काण्यांनी राज्यसभा सोडली. त्याच वर्षी ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. १९६३ साली भारतरत्न, आणि १९७२ साली मुंबईत निधन.

मित्रहो, त्यांच्या ग्रंथाचा मराठी सारांश महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलेला आहे. मेळाव्याच्या निधीतून तो शाळेच्या ग्रंथालयात ठेवावा, अशी माझी सूचना आहे. कपाटाला कुलूप मात्र लावू नये. आपल्या मुली तो वाचतील.