आगगाडीचे महाराज आणि आफ्रिकेचे सिंह

माथेरानची छोटी गाडी आपल्या भागातल्या चार पिढ्यांनी पाहिली आहे. १९०७ सालापासून नेरळचा डोंगर चढणाऱ्या या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. आमच्या गव्हाणला स्टेशन मिळायला फार वाट पाहावी लागली. तोवर इथल्या पोराबाळांची हौसेची आगगाडी म्हणजे माथेरानची. पण असल्याच दोन फुटी रुळांनी एका मराठी राजाने आपल्या राज्यातले दूरदूरचे मुलूख राजधानीला जोडले होते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

हे राजे म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. १९८६ ते १९८९ या काळात रेल्वे खात्याचे राज्यमंत्री असलेले माधवराव हे त्यांचे नातू. या आजोबांना दोन गोष्टींचे जबर वेड होते : एक यंत्रांचे आणि दुसरे रानातल्या जनावरांचे. त्यातले पहिले वेड त्यांना फळले. दुसऱ्याची किंमत इतरांनी मोजली.

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. महादजींच्या पराक्रमाने ते उत्तरेत स्थिरावले. माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ मध्ये वारले आणि वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच हा मुलगा गादीवर बसला. जयाजीरावांनी बांधलेल्या जयविलास राजवाड्याची एक कथा ग्वाल्हेरात अजून सांगतात. दरबार हॉलमध्ये प्रचंड वजनाची दोन झुंबरे टांगायची होती. छत ती पेलेल की नाही हे पाहण्यासाठी म्हणे हत्ती छतावर चढवले! खरेखोटे कोण जाणे. पण ज्या घरात हत्ती हे वजनाचे माप होऊ शकते, अशा घरात माधवराव वाढले, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१८९४ मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले. त्याच सुमारास राजवाड्याच्या परिसरात हौसेखातर छोटे रूळ पडले. दुसरा एखादा संस्थानिक तेवढ्यावरच थांबला असता. माधवरावांनी ते खेळणे राज्याच्या कामाला लावले. १८९७ मध्ये भिंडची आणि १८९९ मध्ये शिवपुरीची गाडी सुरू झाली. पुढे १९०९ पर्यंत पश्चिमेकडे थेट श्योपूरपर्यंत रूळ गेले. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. इंजिनावर चढून महाराज स्वतः गाडी हाकीत. डब्यांच्या टपावरही माणसे बसवून ही गाडी शंभराहून अधिक वर्षे धावली आणि २०२० मध्ये थांबली. तिच्या जागी आता रुंद रुळांचे काम हाती घेतले गेले आहे.

यंत्रांची ही आवड नुसती चैनीची नव्हती. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले, तेव्हा माधवरावांनी जखमी सैनिकांसाठी एक इस्पितळ-जहाज सज्ज करून दिले आणि स्वतःही तिकडे गेले. पुढे टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलाची गरज पडली. त्यासाठी काढलेले चार लाख पौंडांचे सगळेच्या सगळे कर्जरोखे एकट्या शिंदे सरकारांनी घेतले. उमेदीची वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या व्यवहाराचे मोठे कौतुक वाटते. जमशेदपूरची भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधी या माणसाने तिच्यावर भरवसा टाकला होता.

आणि अर्थातच ती चांदीची आगगाडी! जयविलासच्या भोजनगृहात लांबलचक टेबलावर रूळ मांडलेले आहेत. जेवणानंतर त्यांवरून छोटी गाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन फिरे. कुणी डब्यावरचे भांडे उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की पुढे निघे. आज तो राजवाडा संग्रहालय म्हणून पाहता येतो आणि मुले त्या टेबलापाशी हमखास रेंगाळतात.

यंत्रेही दगा देतात, हे महाराजांना कळले नाही असे नाही. ग्वाल्हेरजवळचे तिघरा धरण १९१७ मध्ये फुटले आणि खालच्या वस्त्यांत मोठी प्राणहानी झाली. पायाच्या खडकात पाणी मुरले होते. पण चूक कुठे झाली ते शोधता आले आणि धरण पुढे पुन्हा उभे राहिले. यंत्राच्या बाबतीत मालकाला पुन्हा एकदा संधी मिळते.

दुसऱ्या वेडाची गोष्ट वेगळी आहे. माधवराव नावाजलेले शिकारी होते. शिवपुरीच्या रानात व्हाइसरॉय आणि बडे पाहुणे वाघाच्या शिकारीला येत. त्या काळचा बहुतेक प्रत्येक संस्थानिक हेच करीत होता, तेव्हा एकट्या त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण वाघांवर त्यांचे समाधान झाले नाही. मध्य भारतातून सिंह केव्हाच नाहीसा झाला होता. तो आपल्या राज्यात पुन्हा असावा, असे त्यांनी मनावर घेतले. गीरचे सिंह मिळाले नाहीत, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आफ्रिकेतून सिंह मागवले गेले. त्यांतले काही वाटेतच दगावले. उरलेल्यांना श्योपूरच्या जंगलात डोबकुंड येथे उंच भिंतींच्या आवारात ठेवले.

भिंतीआड आयते मांस खाऊन राहिलेले हे सिंह मग रानात सोडण्यात आले. त्यांनी गावांतली गुरे धरली आणि पुढे माणसेही. तेव्हा त्यांना पकडून पुन्हा आत टाकले आणि काही काळाने पुन्हा सोडले. पुन्हा तेच झाले. काही वर्षांत त्यांतला एकही उरला नाही.

या प्रकरणात सिंहांना कुणी क्रूर म्हणू नये. ते आपणहून आले नव्हते. आणि ज्यांची गाय गेली, ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांनीही सिंह मागितले नव्हते. हौस एकाची होती, भोगले दोघांनी.

तरी हे वेड विरले नाही. १९२२ मध्ये ग्वाल्हेरच्या फूलबागेत माधवरावांनी प्राणिसंग्रहालय उभारले. आज ते गांधी प्राणी उद्यान या नावाने महानगरपालिका चालवते. आपल्या मुंबईच्या राणीच्या बागेसारखेच तिथेही रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. वाघ पाहून लहान मुलाचे डोळे विस्फारतात, हा आनंद खोटा नाही. मीही नातवंडांना घेऊन अशा बागांत गेलो आहे. पण पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोच तो फेरा घालणारे जनावर पाहिले की त्या आनंदात खडा लागतो.

जुने इंजिन जपणे आणि जिवंत वाघ बाळगणे, या दोन्हींना आपण सहज छंद म्हणतो. पण इंजिनाला कुणीतरी हाकावेच लागते. त्याचा जन्मच त्यासाठी. ते शेडमध्ये वर्षानुवर्षे उभे राहिले तरी त्याचे दुःख त्याला नसते. हिशेबाच्या वहीत त्याचा घसारा दरसाल मांडता येतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याचे जे दरसाल कमी होते, ते मांडायला रकाना नाही. माधवरावांनी दोन्ही गोष्टी एकाच हाताने हाताळल्या : मागवायच्या, आणायच्या, हव्या तेव्हा चालू करायच्या. रुळांवर ते जमले, रानात जमले नाही.

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांची छत्री शिवपुरीला, मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर आहे. ज्या रानात त्यांनी वाघ मारले, ते आता त्यांच्याच नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वाघ नाहीसा झाला होता. २०२३ मध्ये बाहेरून आणून तो पुन्हा सोडावा लागला.

आणि श्योपूर? त्याच जिल्ह्यातल्या कुनोच्या जंगलात सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आणले गेले. या वेळी हौस नव्हे, शास्त्र आहे. पशुवैद्य आहेत, गळ्यात माग काढणारे पट्टे आहेत. तरीही काही चित्ते दगावले, अनेकांना बराच काळ कुंपणाआड राहावे लागले, आणि तिथे जन्मलेली पिल्लेही आता आहेत. यशापयशाचा निवाडा इतक्यात करणे घाईचे होईल. पण डोबकुंडच्या सिंहांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेला धडा वन खात्याच्या प्रत्येक बैठकीत आधी वाचला जावा. जनावर आणण्यापूर्वी दोघांचा विचार व्हावा : एक ते जनावर, आणि दुसरा त्या रानाच्या कडेला गाय बांधणारा शेतकरी.

ग्वाल्हेरला गेलात तर चांदीची गाडी जरूर पाहा. मुलांना ती मनसोक्त पाहू द्या. आणि तिथून फूलबागेत गेलात, तर हे सारे उभे करणारा माणूस एकच होता, हेही त्यांना सांगा. पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारतील.