माणूस म्हणजे यंत्र नव्हे : बिशप फॉन गालेन



जो माणूस कुणाच्याच उपयोगाचा राहिला नाही, त्याने जगून काय करायचे? हा प्रश्न आज चांगल्या सुशिक्षित घरांतूनही कानी येतो. एका बिशपांनी आपला जीव धोक्यात घालून या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांचे जीवन आज आपण थोडक्यात पाहू या.

क्लेमेन्स ऑगस्ट फॉन गालेन यांचा जन्म १६ मार्च १८७८ रोजी जर्मनीतील डिंकलागे येथे एका सरदार घराण्यात झाला. तेरा भावंडांत ते अकरावे. १९०४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे बर्लिनमध्ये त्यांनी अनेक वर्षे धर्मग्रामांत सेवा केली. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ते म्युन्स्टरचे बिशप झाले. स्तुतीने भुलायचे नाही आणि भीतीने वाकायचे नाही, या अर्थाचे ब्रीद त्यांनी स्वीकारले.

ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरने एका गुप्त आदेशावर सही केली. मनोरुग्ण, मतिमंद व असाध्य आजाराच्या रुग्णांना मारून टाकण्याची ती परवानगी होती. तिला नाव दिले होते दयामरण! आश्रमांतून व रुग्णालयांतून रुग्णांना बसगाड्यांत भरून नेत व विषारी वायूने मारीत. घरच्यांना मिळे मृत्यूचे खोटे कारण लिहिलेले पत्र आणि राखेचा कलश. ऑगस्ट १९४१ पर्यंत असे ७० हजारांहून अधिक बळी गेले.

बिशपांनी सरकारला निषेधाची पत्रे लिहिली, पण उपयोग झाला नाही. जुलै १९४१ मध्ये म्युन्स्टरजवळच्या मारिएनथाल येथील रुग्णांचीही नावे यादीत आल्याचे गालेन यांना समजले. २८ जुलैला त्यांनी खुनाच्या कायद्याखाली रीतसर तक्रार केली. तिची दखल घेतली गेली नाही.

मग ३ ऑगस्टच्या रविवारी ते संत लॅम्बर्ट चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले. त्या दिवशीचे शुभवर्तमान होते, यरुशलेमसाठी अश्रू ढाळणाऱ्या प्रभू येशूचे. बिशपांनी जे घडत होते ते सारे उघड सांगितले. यंत्र जुने झाले की मोडीत काढतात, दूध आटलेली गाय कसायाकडे जाते. पण माणूस ही अशी वस्तू नाही, हे त्यांनी पटवून दिले. उपयोग हाच निकष मानला, तर उद्या म्हातारे आईबाप आणि युद्धात जायबंदी झालेले सैनिकही सुटणार नाहीत, याची त्यांनी जाणीव करून दिली. देवाच्या पाचव्या आज्ञेला अपवाद काढण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, ही त्यांची ठाम भूमिका होती.

प्रवचनाच्या नकला गुपचूप हातोहात देशभर फिरल्या. बिशपांना फाशी द्यावी असे काही नाझी पुढाऱ्यांचे मत होते. परंतु लोक बिथरतील म्हणून त्यांना हात लावला गेला नाही. त्यांची प्रवचने वाटल्यामुळे मात्र इतरांनी प्राण गमावले. ल्युबेक शहरातील तीन कॅथोलिक धर्मगुरू व एक लुथरन पाळक यांच्यावर या प्रवचनांच्या प्रसाराचाही आरोप होता. १९४३ साली त्यांचा शिरच्छेद झाला.

२४ ऑगस्ट १९४१ रोजी हिटलरने ती मोहीम थांबवली. तरीही औषधे देऊन व उपाशी ठेवून रुग्णांना मारणे युद्ध संपेपर्यंत चोरून चालूच राहिले. आणखी एक गोष्ट आपण लपवू नये. रुग्णांसाठी गालेन जितके उघड बोलले, तितके ते ज्यू बांधवांसाठी बोलले नाहीत. थोर माणसाच्या धैर्यालाही उणीव असू शकते.

फेब्रुवारी १९४६ मध्ये ते कार्डिनल झाले आणि २२ मार्च रोजी प्रभूघरी गेले. ९ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांना धन्य घोषित करण्यात आले.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे अशा बसगाड्या येत नाहीत. पण अंथरुणाला खिळलेल्या आजीचे ओझे वाटू लागते, अपंग लेकराला पाहुण्यांपासून लपवले जाते, उदरातले बाळ नको म्हणून दवाखान्याची वाट धरली जाते, तेव्हा आपणही तोच उपयोगाचा हिशेब मांडत असतो. माणसाचे मोल त्याच्या कामावर ठरत नाही. तो देवाची प्रतिमा आहे, म्हणून तो मोलाचा आहे. आज मिस्सानंतर घरी गेल्यावर, घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजारी माणसाजवळ आपण घटकाभर बसू या.