पंडिता रमाबाई : मुक्तीचा शोध

पुण्य गाठीस बांधल्याशिवाय मुक्ती नाही, या समजुतीत पंडिता रमाबाईंचे बालपण गेले. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते; आईने तेच धन मुलीला दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे आणि मिळेल ते स्नान, दान, व्रते यांवर खर्ची घाली. पुढे दुष्काळ पडला. आई, वडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरलेली भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

परंतु पदव्यांनी मन शांत झाले नाही. धर्मग्रंथांत इतर बाबतींत कितीही मतभेद असले, तरी स्त्रीला व शूद्राला मोक्षाचा अधिकार नाकारण्यात ते एक आहेत, असे त्यांना वाचनात आढळले. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर वकिलांशी विवाह केला. १८८२ साली पटकीने तेही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, 'आर्य महिला समाज' स्थापन केला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तेथे फुलहॅमच्या आश्रमात, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या. हे कशामुळे, असे विचारता त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा कळली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पण शोध संपला नाही. पटल्याखेरीज कोणताही सिद्धांत मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. यावरून त्या भगिनींशीही त्यांचा वाद झाला. १८८९ साली मुंबईत त्यांनी 'शारदा सदन' काढले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. उपदेशक झाल्यावर कित्येक वर्षांनी त्याला स्वतःला विश्वास गवसला होता. आपण धर्म घेतला, पण ख्रिस्त अजून सापडला नाही, हे रमाबाईंना तेव्हा उमगले. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे अखेरच्या न्यायाच्या दिवशी प्रत्येकास देवासमोर उभे राहावयाचे आहे. तेथे आपल्या पुण्याची गाठोडी पुरी पडणार नाही. तारण ही कमाई नव्हे, ते दान आहे व विश्वासाने घ्यावयाचे आहे, असा त्यांचा निश्चय झाला. ज्याला अधिकार लागत नाही, ते स्त्रीला कोण नाकारणार?

या निश्चयाची किंमतही पडली. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागताच १८९३ साली पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माबाबत तटस्थता राहील असे आश्वासन दिलेले असल्याने ही टीका अगदीच निराधार नव्हती.

तारण कमवायचे नाही, तर मग राबायचे कशाला? रमाबाईंचे पुढील आयुष्य हेच याचे उत्तर आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. भूक त्यांनी स्वतः भोगली होती. त्या वसाहतीचे नाव 'मुक्ती' आणि टाकलेल्या स्त्रियांच्या घराचे 'कृपा सदन'.

अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्या ग्रंथाचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळविले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. म्हणून असेल, पण त्या खिळे जुळविणाऱ्या हातांपुढे मला रमाबाईंच्या पदव्याही लहान वाटतात.