लोकमान्य टिळक आणि उत्तर ध्रुवावरील बर्फ

टिळक हे नाव उच्चारताच आमच्या मंडळीतील पुष्कळांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते व त्यांची भजने ओठांवर येतात. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी नाही. त्यांच्याआधी पाच वर्षे, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांविषयी तो आहे. लोकमान्यांचे राजकीय चरित्र आमच्या विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक आहे. तेच पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही. आमच्या लेखाचे निमित्त निराळे आहे.

शाळेच्या वादविवादसभेत यंदा ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळत आहे त्याची चिंता मनुष्याने करावी की नाही, हा विषय होता. एका हुशार विद्यार्थ्याने उठून सांगितले की, उत्तर ध्रुव पूर्वी उबदार होता हे प्रत्यक्ष लोकमान्यांनी सिद्ध केले आहे. तेव्हा बर्फ येते आणि जाते, त्यात आमचा काय दोष? टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रतिपक्ष निरुत्तर झाला. आणि खरे सांगावयाचे तर अध्यक्षस्थानी बसलेल्या आम्हांलाही तत्काळ उत्तर सुचले नाही. घरी गेल्यावर आम्ही लोकमान्यांचा तो ग्रंथ पुन्हा काढून वाचला. हा लेख म्हणजे त्या वाचनाचे फळ होय.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते व संस्कृताचे जाणते होते. पुढे हे कुटुंब पुण्यास आले. परंतु मातृछत्र लवकरच हरपले, आणि टिळक सोळा वर्षांचे असताना वडीलही गेले. डेक्कन कॉलेजात त्यांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामात घालविले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडते. त्याच टिळकांनी १८७६ साली गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. ची परीक्षा दिली, हे मात्र ते विसरतात. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले त्यात ते शिक्षक झाले, व पुढे फर्गसन कॉलेजात गणित शिकवू लागले. फळ्यावर न लिहिता तोंडानेच उदाहरणे सोडविणारे शिक्षक अशी त्यांची ख्याती होती. मंद विद्यार्थ्यांचे त्यांत कसे निभावत असेल, अशी शंका आम्हां शिक्षकांना येते.

मिशनचे व त्यांचे मत सर्वत्र जुळले असे नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे प्रभृती मंडळींबरोबर त्यांनी चहा घेतला, त्यावरून केवढे ग्रामण्य उठले व प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण कसे गेले, हे प्रसिद्धच आहे. असो.

गणिताची हीच दृष्टी त्यांनी वेदांकडे वळविली. १८९३ साली ओरायन हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. वसंतसंपात आकाशात हळूहळू मागे सरकतो. वैदिक ऋषींच्या काळी तो मृगनक्षत्रात होता असे धरल्यास वेदांचा काळ ख्रिस्तापूर्वी सुमारे ४००० वर्षे येतो, असे त्यांनी त्यात मांडले. परंतु वेदांतील काही वर्णने त्यांना या हिशेबानेही उलगडली नाहीत. ती उलगडण्यास निवांतपणा हवा होता, आणि तो त्यांना कारागृहात मिळाला.

१८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर व रँडचा खून यानंतर केसरीतील लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. येरवड्याच्या तुरुंगात असताना मॅक्समुल्लर या जर्मन पंडिताने आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठविली. ज्या सरकारशी झगडून ते आत गेले होते, त्याच सरकारच्या प्रजाजनांपैकी एका वृद्ध विद्वानाने ती पाठवावी, हा प्रसंग आम्हांला मोठा हृद्य वाटतो.

त्या वाचनात त्यांना उषेची सूक्ते विशेष खटकली. आपल्याकडे पहाट घटकाभरात सरते. वेदांत मात्र एकामागून एक अनेक उषा येतात, त्या क्षितिजावर फिरतात, आणि सूर्य उगवावा म्हणून ऋषी व्याकूळ होऊन वाट पाहतो. तैत्तिरीय संहितेत तीस उषांचा उल्लेख आहे. मेरूवर देवांचा एक दिवस व एक रात्र मिळून मनुष्याचे वर्ष होते, ही कल्पना तर आपल्या ज्योतिषग्रंथांत सर्वमान्य आहे. आमच्या भडगावाशेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांनीही गोलाध्यायात ती सांगितली आहे. पारशी लोकांच्या अवेस्ता ग्रंथात मूळ भूमी हिवाळ्याने व बर्फाने उद्ध्वस्त झाल्याची कथा आहे. हे सर्व जुळवून टिळकांनी अनुमान काढले की, आर्यांचे पूर्वज एके काळी उत्तर ध्रुवाजवळ राहत होते, तेथील हवा त्या वेळी सौम्य होती, आणि हिमयुगाने ती भूमी नष्ट केल्यावर ते दक्षिणेस आले.

येथे त्यांना वेद सोडून भूगर्भशास्त्रात शिरावे लागले. कारण ध्रुवावर बर्फ नव्हते असे म्हणणाऱ्याने ते केव्हा नव्हते हेही सांगितले पाहिजे. त्या काळी याविषयी विद्वानांत जोराचा वाद होता. जेम्स क्रॉल हा स्कॉटलंडचा गरीब, स्वयंशिक्षित गृहस्थ. ग्लासगो येथे एका संग्रहालयाची राखण करता करता तो तेथील ग्रंथ वाची. पृथ्वीची सूर्याभोवतालची कक्षा युगायुगांनी कमीअधिक लांबट होते, त्यामुळे हिमयुगे येतात, असे त्याने मांडले, आणि शेवटचे हिमयुग सुमारे ८०,००० वर्षांपूर्वी संपले असा हिशेब केला. अमेरिकन भूगर्भवेत्त्यांनी नायगाराच्या धबधब्याने खडक किती झिजविला ते मोजून हा काळ अवघा ८ ते १० हजार वर्षांचा ठरविला. टिळक स्वतः गणिती. त्यांचे मन क्रॉलच्या आकाशगणिताकडे ओढले जाणे स्वाभाविक होते. तथापि दोन्ही पक्षांचा पुरावा तोलून त्यांनी अमेरिकनांचा मोजलेला खडक पत्करला, आणि ध्रुवाजवळील वसतीचा नाश ख्रिस्तापूर्वी १०,००० ते ८,००० वर्षांच्या सुमारास ठेवला.

१८९८ साली तुरुंगातून सुटल्यावर वर्षअखेर हस्तलिखित तयार झाले होते. परंतु ते त्यांनी लगेच छापले नाही. इतर शास्त्रांतील पुरावा तपासण्यात, विद्वानांशी चर्चा करण्यात व इतर व्यापांत आणखी चार वर्षे गेली. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९०३ साली. बोस्टनच्या वॉरन या विद्वानाने मानवजातीचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे १८८५ सालीच लिहिले होते. उलट पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली ग्रंथ लिहून आर्यांचे मूलस्थान सप्तसिंधूच होय असे प्रतिपादिले. तोपर्यंत टिळक मंडालेची सहा वर्षे भोगून परत आले होते, व त्याच वर्षी गीतारहस्य लोकांच्या हाती पडले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला.

आता त्या टाळ्यांकडे वळू. लोकमान्यांचा हा सिद्धांत टिकला नाही, हे आम्हांला स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि हे लिहिताना त्यांच्याविषयीचा आमचा आदर तिळमात्र कमी होत नाही. शेवटच्या हिमयुगाचा जोर सुमारे २० हजार वर्षांपूर्वी होता, आणि ते सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले. म्हणजे अमेरिकनांचा पुरावा निवडण्यात टिळकांची फारशी चूक झाली नव्हती. चूक झाली ती दिशेत. ज्या काळी बर्फाने ती वसती गिळली असे त्यांस वाटले, त्या काळी बर्फ पसरत नव्हते, ओसरत होते. क्रॉलचे तत्त्वही अखेर खरे ठरले, मात्र त्याचे आकडे नव्हेत. मिलांकोविच या सर्बियन गणितज्ञाने ते दुरुस्त केले, व १९७६ साली समुद्रतळाच्या गाळाने त्यास दुजोरा मिळाला.

मग बर्फ येते आणि जाते, हे आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे खोटे का? खोटे नाही, अपुरे आहे. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडील प्रदेश खरोखरच आजच्याहून उबदार होता. पण तेव्हा समुद्र आजच्याहून कित्येक मीटर वर होता. आणि कक्षेचे हे फेरे हजारो वर्षांचे असतात. आजच्या फेऱ्याने तर उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यातील ऊन गेली कित्येक हजार वर्षे कमी होत आले आहे. त्या न्यायाने बर्फ सावकाश वाढावयास हवे. प्रत्यक्षात उपग्रहांची मोजणी १९७९ साली सुरू झाली तेव्हा सप्टेंबरात उत्तर ध्रुवसमुद्रावर सुमारे ७० लक्ष चौरस किलोमीटर बर्फ उरे. २०१२ साली ते ३४ लक्षांवर आले.

टिळक तुरुंगात जाण्याच्या आदल्याच वर्षी, १८९६ साली, स्वीडनच्या अऱ्हेनिअसने हिमयुगाचेच कारण शोधताना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचा हिशेब मांडला होता, आणि हा वायू दुप्पट झाल्यास पृथ्वी पाच-सहा अंश तापेल असे काढले होते. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे तपासता, गेल्या आठ लक्ष वर्षांत हा वायू हवेच्या दशलक्ष भागांत ३०० भागांच्या वर फारसा गेला नव्हता असे दिसते. आज तो ४२० भागांच्या पुढे आहे, आणि ही वाढ आपल्या कोळशाची व तेलाची आहे.

भडगावास याचे काय, असे पालक विचारतील. गिरणेच्या काठी समुद्र येणार नाही. परंतु हवा एक अंश तापली की ती शेकडा सात इतकी अधिक वाफ धरते, आणि मग पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो. कापूस व केळी लावणाऱ्यास याहून अधिक सांगावयास नको.

स्वालबार्ड बेटावर ७९ अक्षांशावर २००८ सालापासून हिंदुस्थानचे हिमाद्री हे संशोधनकेंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील संस्थेकडून चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे आपल्या शास्त्रज्ञांची पहिली हिवाळी मोहीम गेली. तेथे महिनोन्‌महिने सूर्य दिसत नाही. टिळकांनी येरवड्यात बसून कल्पनेने पाहिलेली ती लांब पहाट आता आपल्याकडील माणसे डोळ्यांनी पाहत आहेत, आणि बर्फ मोजीत आहेत.

त्या विद्यार्थ्यास आम्ही लोकमान्यांचा ग्रंथ वाचावयास दिला आहे. हिमयुगाचे दुसरे प्रकरण आहे, तेथे खूण घातली आहे. पुढील सभेत तोच प्रथम बोलणार आहे.