विर्खो आणि बर्लिनचे मैलापाणी

पेशी पेशीतूनच जन्मते, हे ठसवणारे डॉ. रुडॉल्फ विर्खो (१८२१-१९०२) बर्लिनचे नगरसेवकही होते. १८४८ मध्ये सायलेशियातली टायफसची साथ पाहिल्यापासून ते रोगाचे मूळ राहणीमानातही शोधत. उघड्या गटारांच्या बर्लिनसाठी अभियंता होब्रेख्त यांनी आखलेली भुयारी गटारांची योजना त्यांनी उचलून धरली. डॉक्टरने गटारात लक्ष घालायलाच हवे होते. १८७३ मध्ये काम सुरू झाले. पुढे मैलापाणी पंपाने शहराबाहेरच्या रेताड शेतांत जाऊ लागले. माती ते गाळी, पिकांना नत्र-स्फुरद मिळे. मैला मातीत कुजतो. कारखान्यांच्या सांडपाण्यातले कॅडमियम, शिसे मात्र साचत गेले. बूखजवळची शेते १९८५ मध्ये बंद झाली. तिथे लावलेली बरीच झाडे तगली नाहीत.