पंक्चरने घडवलेला उद्योगपती

पॅरिसमध्ये २३ जून १८५९ रोजी जन्मलेल्या एदुआर मिशेलिन यांचा ओढा चित्रकलेकडे होता. त्यांनी तिचे रीतसर शिक्षणही घेतले. मात्र क्लेरमाँ-फेराँ येथील आजोळचा कारखाना डबघाईला आला आणि तो सावरण्याची जबाबदारी थोरले बंधू आंद्रे व एदुआर यांच्यावर येऊन पडली. शेतीची अवजारे आणि रबरी वस्तू बनवणाऱ्या त्या कारखान्याची सूत्रे एदुआर यांनी १८८९ मध्ये हाती घेतली. कुंचला कायमचा बाजूला राहिला.

त्याच सुमारास एक सायकलस्वार पंक्चर झालेले चाक घेऊन कारखान्याच्या दारात आला, असे सांगितले जाते. जॉन डनलॉप यांनी शोधलेला हवेचा टायर तेव्हा नवाच होता. चालवायला तो मऊ. पण दुरुस्तीला महाकठीण. कारण टायर चाकाच्या धावेला सरसाने घट्ट चिकटवलेला असे. तो सोडवून गळती शोधायला आणि बुजवायला तीन तास लागले. नंतर सरस वाळण्यासाठी रात्रभर थांबणे आले. दुसऱ्या दिवशी एदुआर स्वतः सायकलवर बसले, तर थोड्याच अंतरावर चाक पुन्हा बसले! दुसरा कोणी असता तर हवेच्या टायरचा नाद सोडता. एदुआर यांना मात्र दोष हवेत नसून सरसात आहे, हे उमगले. टायर सहज निघाला पाहिजे, ट्यूब बाहेर आली पाहिजे. मग ती पाण्यात बुडवली की बुडबुडे स्वतःच छिद्राचा पत्ता सांगतात.

सुटा होणारा हा टायर १८९१ मध्ये सिद्ध झाला. दुरुस्तीचे काम तासांवरून पाव तासावर आले. त्याच वर्षी सप्टेंबरात सुमारे १,२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत शार्ल तेराँ यांनी मिशेलिन टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी या बंधूंनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि वाटेत चक्क खिळे टाकवले. स्पर्धकांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी; पण पंक्चर भर रस्त्यात निघू शकते, हे लोकांना दाखवण्याचा याहून परिणामकारक मार्ग कोणता?

मोटारीचे प्रकरण अधिक अवघड होते. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची गाडी चालवायला कोणी तयार होईना, म्हणून दोघे भाऊ स्वतःच चालवायला बसले. टायर वारंवार फुटले, ट्यूबमागून ट्यूब बदलावी लागली आणि गाडी ठरलेल्या वेळेनंतर परतली. तरीही जड मोटार हवेवर धावू शकते, हे सिद्ध झाले. १८९८ मध्ये टायरच्या चळतीतून साकारलेला बिबेंडम जाहिरातीत अवतरला. त्याच्या हातातल्या पेल्यात खिळे आणि काचा होत्या. ते पेय टायर पचवतो, असा दावा!

आजच्या ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा स्वतःच भोक अडवून धरतो, त्यामुळे हवा एकदम न जाता दिवसेंदिवस झिरपते. ती शोधायला चाक पाण्यात बुडवतात किंवा साबणाचे पाणी लावतात. छिद्र सापडले नाही तर व्हॉल्व्ह आणि धावेची कडही तपासावी लागते. रीत मूळचीच.

एदुआर प्रसिद्धीपासून दूर राहणारे आणि कारखान्यातली गुपिते कसोशीने जपणारे गृहस्थ होते. जाहिरातीची बाजू आंद्रे सांभाळत. ते १९३१ मध्ये गेले. त्यानंतरची वर्षे एदुआर यांना फार क्रूर ठरली. मुलगा एतिएन १९३२ मध्ये विमान अपघातात, तर दुसरा मुलगा पिएर १९३७ मध्ये मोटार अपघातात दगावला. ज्या वाहनाची चाके सुरक्षित करण्यात बापाचे आयुष्य गेले, त्याच वाहनाने मुलगा हिरावला. फ्रान्सचा पाडाव झाल्यानंतर काही आठवड्यांनी, २५ ऑगस्ट १९४० रोजी, क्लेरमाँ-फेराँजवळच्या ऑर्सिन येथे एदुआर यांचे निधन झाले. कारखान्याचा कारभार जावयाकडे गेला. मिशेलिनच्या रेडियल टायरचे पेटंट १९४६ मध्ये नोंदवले गेले, ते पाहायला एदुआर नव्हते.